सरळ रेघ

वादळ आलं की शहाणी माणसं खिडक्या लावून घेत आणि ओळंबा गच्चीवर चढे. एका खांद्यावर लाकडी स्टँड, दुसऱ्यावर कॅमेऱ्याची पेटी, काखेत छत्री, आणि फिल्मचे होल्डर शर्टाच्या आत पोटाशी धरलेले, कारण फिल्मला एक थेंब लागला की सगळं मुसळ केरात. वर गेल्यावर स्टँडच्या मधोमध विटांची पिशवी टांगायची, छत्री कॅमेऱ्यावर धरायची, आपण भिजायचं आणि वारा दम घेईल तेवढ्या क्षणाची वाट बघायची. लग्नाबिग्नाचे फोटो काढून तो पोट भरी, आणि पोट भरून उरेल ते असल्या उद्योगात घाली. ऊन पडलं की इमारती नटतात, असं तो म्हणे. पावसाने झोडपलं की त्या खऱ्या दिसतात, विटेविटेची सांध मोजून घ्यावी. लोक म्हणत, याचं डोकं फिरलंय, आणि फोटो बघायला मात्र रांग लावत.

ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची वजनाची दोरी, हे नाव त्याला गवंड्यांनी दिलं होतं. त्याच्या फोटोत भिंत कधी कलली नाही, खांब कधी झुकला नाही. त्याच्या कॅमेऱ्याच्या पाठीला दुधी काच होती, तिच्यावर समोरचं सगळं उलटं उमटे, आणि त्या काचेवर त्याने पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. डोक्यावर काळं कापड ओढलं की त्याचा हात आपसूक खालच्या स्क्रूकडे जाई. कॅमेरा केसभर इकडे, केसभर तिकडे, इमारतीची कड रेघेवर चपखल बसेपर्यंत. कॅमेरा सपाट बसलाय की नाही हे दाखवणारा बुडबुडा केव्हाच फुटला होता. तो त्याने बदलला नाही. "डोळा आहे ना माझा," म्हणायचा. गर्व होता माणसाला, आणि तो उतरवेल असं घरात कोणी नव्हतं.

घर म्हणजे खाली स्टुडिओ, मागे फिल्म धुवायची अंधारी खोली आणि वर गच्ची. लग्न त्याने केलं नाही. संध्याकाळचं जेवण धाकट्या भावाकडे असे. रस्त्यापलीकडे कागदाचा कारखाना होता, धाकटा तिथे बॉयलरवर होता आणि कारखान्याच्या आवारातच मिळालेल्या खोलीत बायकोसह राहत होता. ओळंब्याच्या गच्चीवरून हे सगळं समोर दिसे: विटांचं उंच धुराडं, त्याच्या पायाशी डाव्या हाताला बॉयलरचं पत्र्याचं घर, त्याला लागून मशीनचा माळा, अलीकडे गच्चीला अगदी समोरासमोर असलेला पाण्याचा लांब हौद, आणि एका अंगाला कामगारांच्या खोल्या.

त्या धुराड्यावर ओळंब्याचा जीव होता. दरसाल सगळ्यात मोठं वादळ येई तेव्हा तो त्याच जागेवर स्टँड रोवून त्या धुराड्याचा एक फोटो काढी. मागे काळंकरडं आभाळ, क्षितिजाचा पत्ता नाही, समोरची घरं पावसात विरघळलेली आणि मधे ते धुराडं ताठ उभं. छापताना तो खालचा हौद आणि पत्रे कापून टाकी, नुसती धुराड्याची उभी पट्टी ठेवी. कारखान्याच्या मॅनेजरला ते फोटो इतके आवडले, की त्याने ते मोठे करून घेतले आणि ऑफिसच्या भिंतीवर ओळीने लावले.

मग एका संध्याकाळी ताटावर बसता बसता धाकटा म्हणाला, "दादा, धुराडं कललंय."

"कुठल्या बाजूला?" ओळंब्याने हसत विचारलं.

"बॉयलरच्या बाजूला. भट्टीमागचं लोखंडी दार आता लागत नाही, चौकट वाकडी झालीय. आत विटांचा चुरा पडतो. रोज घमेलं भरून काढतोय."

"खालून वर बघितलं की कुठलंही धुराडं पडतंय असंच वाटतं. ढग पळत असतात म्हणून."

"मी ढग बघत नाही, दादा. मी दार बघतोय."

ओळंब्याने विषय तिथेच सोडला. धाकट्याने सोडला नाही. तो होताच तसला, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्याने बॉयलरवरच्या लोकांना दार दाखवलं, मशीनवरच्यांना चुरा दाखवला, आणि एके सकाळी सगळे काम टाकून फाटकाबाहेर जाऊन बसले. धुराडं तपासा, नाहीतर आम्ही आत येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मॅनेजर आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. त्याने दोन दिवस त्यांना बसू दिलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातले ओळंब्याचे फोटो काढून आणले आणि फाटकाच्या जाळीवर ओळीने बांधले. गेल्या साली, त्याच्या आदल्या साली, त्याच्याही आदल्या साली. शेजारी एक लांब पट्टी ठेवली.

"या," तो म्हणाला. "ज्याला शंका असेल त्याने पट्टी लावून बघावं. बॉयलरवाल्याच्या सख्ख्या भावानेच काढलेत, म्हणजे मी खोटे काढवून घेतले असंही म्हणता येणार नाही."

लोकांनी पट्टी लावली. कड सरळ, सगळ्या सालांत सरळ. कोणीतरी हसलं, मग दुसरा हसला, आणि धाकट्याची साथ सोडून एकेक जण उठायला लागला. तेवढ्यात गर्दी बघून ओळंबाही तिथे पोचला. आपल्या फोटोंपुढे एवढी माणसं बघून तो सुखावला, हे लपवण्यात अर्थ नाही.

"दादा, तू सांग यांना," धाकटा म्हणाला. "त्या फोटोत काहीतरी घोळ आहे. तू सांग."

"माझ्या फोटोत घोळ?"

"मग माझ्या दारात घोळ आहे का?"

"रेघ सरळ आहे," ओळंबा म्हणाला. "मी काय करू त्याला? तुझ्यासाठी वाकडी करू?"

लोक आणखी हसले. धाकट्याने पुढे होऊन पहिला फोटो फाडला, मग दुसऱ्याला हात घातला, आणि मॅनेजरने नुसती मान हलवली. पहारेकरी त्याचीच वाट बघत होते. एकाने मागून हात पिरगाळला, दुसऱ्याने काठी आडवी करून तोंडावर हाणली. धाकट्याचे पुढचे दोन दात मातीत पडले. तो खाली गेला तरी ते थांबेनात. बरगड्यांत लाथा, पाठीत काठ्या, आणि एकाने तर त्याचं डोकं केसांना धरून जाळीवर आपटलं, जिथे त्याच्या भावाचे उरलेले फोटो लटकत होते. एका फोटोवर रक्ताची चूळ उडाली. ओळंबा छत्री हातात धरून उभा होता. तो पुढे झाला नाही. तो का पुढे झाला नाही, हे त्याला नंतर कोणी विचारलं नाही आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही.

धाकट्याची बायको आली, तिने नवऱ्याला काखेत धरून उचललं आणि ओळंब्याच्या अंगावरून त्याला घेऊन गेली. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या संध्याकाळपासून ओळंब्याचं तिकडचं जेवण बंद झालं.

सूज उतरल्यावर धाकटा स्टुडिओत आला. भर दुपार होती. ओळंबा अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत होता. दार ढकललं गेलं, उजेड आत आला आणि ताटलीतली फिल्म डोळ्यांदेखत काळी पडली.

"दार लाव, मूर्खा!"

"लावतो की," धाकटा म्हणाला, आणि त्याने फोटो मोठे करायचं मशीन दोन्ही हातांनी उचलून भिंतीवर फेकलं. भिंग फुटलं. मग त्याने औषधांच्या बाटल्या एकेक करून फोडल्या, सावकाश, नेम धरून. आंबट वासाने खोलीत श्वास घेववेना. "तुझ्या फोटोत सरळ आहे ना? आणि माझ्या डोक्यावर वाकडं आहे. ती काल म्हणत होती, सामान बांधूया. कुठे जाऊ बांधून? त्या खोलीशिवाय आहे काय माझ्याकडे? तुझ्यासारखी गच्ची आहे?"

ओळंब्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन त्याने कितीतरी वर्षं पोटाला चिमटा घेऊन घेतलं होतं. कोपऱ्यातला स्टँडचा सुटा पाय त्याच्या हाताला लागला आणि त्याने तो भावाच्या खांद्यावर घातला. धाकटा वळला. दोघंही काचांवर पडले, एकमेकांचे गळे धरून लोळले, लहानपणी लोळत तसे, फक्त आता दोघांनाही समोरच्याला खरंच दुखवायचं होतं. ओळंब्याचा तळहात काचेने चिरला. धाकट्याच्या तोंडातली जखम पुन्हा उघडली. शेवटी दोघंही दमून भिंतीला टेकून बसले.

"पडलं ना," धाकटा रक्त थुंकून म्हणाला, "तर त्याचाही काढ एक फोटो. सरळ काढ हं."

तो उठून कामावर गेला. कामावर जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, कारण ती खोली कामाबरोबरच मिळालेली होती.

पुढचं मोठं वादळ त्यानंतर लवकरच आलं. सकाळपासून हवा दाबून धरल्यासारखी होती. दुपार झाली आणि आभाळ खाली आलं. पहिल्याच झोताने समोरच्या दुकानाची पाटी उचलून रस्त्याच्या टोकाला नेली. ओळंब्याचा राग अजून ताजा होता, हातावरची पट्टी अजून ओली होती. त्याने मनाशी ठरवलं होतं: या वेळी फोटो कापायचा नाही. वरच्या टोकापासून खालच्या हौदापर्यंत, पत्रे, खोल्या, सगळं सगळं त्यात घ्यायचं, दुसऱ्या कुणाकडून भला मोठा छापून घ्यायचा आणि भावाच्या दारात नेऊन टेकवायचा. बघ म्हणावं तुझं वाकडं धुराडं.

गच्चीवर पाऊस आडवा मारत होता. स्टँड रोवायला त्याला तीनदा गुडघ्यांवर बसावं लागलं. छत्री उघडताच उलटी झाली. ती त्याने फेकून दिली आणि कॅमेऱ्यावर अंगातला कोट टाकला. डोकं काळ्या कापडात घातलं. दुधी काचेवर पाणी जमलं होतं, ते बाहीने पुसलं. धुराडं उलटं टांगलेलं दिसलं. हात स्क्रूवर गेला. केसभर इकडे, केसभर तिकडे, आणखी जरासं, कड रेघेवर बसली. मग तो काचेच्या दुसऱ्या टोकाला बघायला गेला, जिकडे दरसाल कापून टाकायचा भाग असे. तिथे हौद होता.

हौद तिरका होता. ओळंब्याला वाटलं, हौद खचला. हौदाच्या कडेला एक आडवी रेघ जवळच होती, आणि एका टोकाला ती कडेला चिकटलेली, दुसऱ्या टोकाला बोटभर सुटलेली. मग त्याने पाणी पाहिलं. हौदातलं पाणीही हौदाबरोबर तिरकं होतं, हौदाच्या कडेशी सगळीकडे सारखंच. हौद खचू शकतो. पाणी तिरकं उभं राहू शकत नाही.

त्याने कापडातून डोकं बाहेर काढलं आणि उघड्या डोळ्यांनी हौदाकडे पाहिलं. हौद जसा असायला हवा तसा होता. वाकडा होता तो कॅमेरा. धुराडं रेघेवर बसावं म्हणून त्याने आत्ता, या मिनिटाला, आपल्या हाताने तो वाकडा केला होता. आणि गेल्या साली थोडा कमी. त्याच्या आदल्या साली त्याहून थोडा कमी. दरसाल धुराडं कललं होतं आणि दरसाल त्याने पावसात भिजून, जीव ओतून, ते फोटोत सरळ करून दिलं होतं. लोकांनी पट्टी लावून बघितली ती त्याच्या हाताची सवय होती. धाकट्याचे दात त्या सवयीपायी गेले होते, आणि धाकटा आत्ता कामावर होता.

 कॅमेरा तसाच सोडून ओळंबा जिन्यावरून घसरत खाली आला. मागे गच्चीवर स्टँड कोसळल्याचा आवाज झाला. तो थांबला नाही. रस्त्यात गुडघाभर पाणी होतं. फाटकावर पहारेकऱ्याने काठी आडवी घातली, ती त्याने छातीवर घेतली, काठीसकट माणसाला ढकललं आणि आत पळाला. पाठीवर एक फटका बसला. दुसरा चुकला.

बॉयलरच्या घरात बाहेरच्या वादळाचा आवाज येत नव्हता, इतका आतला आवाज मोठा होता. कोळसा मारणारे घामाने निथळत होते. धाकटा फावडं टेकवून उभा होता.

"धाकट्या," ओळंबा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "कललंय. तू म्हणालास ते खरं होतं. मीच ते सरळ करत होतो, कॅमेरा वाकवून, दर वर्षी. मला कळलंच नाही. चल, बाहेर चल."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. दातांच्या जागी काळी खिंड होती. "आत्ता दिसलं तुला?"

"आत्ता दिसलं."

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. यांना सांग. हे माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकलंय त्यांनी. वर मशीनवर माणसं आहेत, त्यांना टाकून मी एकटा कुठे येऊ?"

ओळंबा मुकादमाकडे वळला. त्याने सांगितलं, हात जोडून सांगितलं. मुकादमाने भिंतीकडे बोट केलं. तिथे ओळंब्याचाच फोटो खिळ्याने ठोकला होता, कारखान्यात सगळीकडे लावले होते तसा, पुन्हा कोणी धुराड्याचं नाव काढू नये म्हणून.

"हा कोणी काढला?" मुकादमाने विचारलं.

"मीच काढला. तो चुकलाय."

"तेव्हा बरोबर होता, आता चुकला? भावाभावांचा समेट झाला वाटतं." कोळसा मारणारे हसले. "जा घरी. भिजलायस."

"अरे, तो फोटो माझा आहे, मी सांगतोय ना चूक आहे!"

तोवर फाटकावरचे पहारेकरी आत आले होते. एकाने ओळंब्याला मानेला धरून मागे ओढलं, दुसऱ्याने पोटात गुडघा घातला. धाकटा फावडं उचलून मधे आला आणि एकाचा हात मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग जी जुंपली ती जुंपली. काठ्या, फावडी, मुठी. ओळंब्याचं नाक फुटलं, एका डोळ्यावर रक्त आलं. त्याच वेळी वरचा पत्रा धाडकन वाजला आणि एक आख्खी वीट छत फोडून कोळशाच्या ढिगात येऊन रुतली. सगळे क्षणभर थबकले.

"वाऱ्याने काहीतरी उडालं असेल," मुकादम म्हणाला. पण त्याचा आवाज बसला होता.

ओळंबा जमिनीवर होता. समोर बॉयलरचं तोंड होतं, आणि त्याच्यावर एक उभी काचेची नळी, आत पाणी किती आहे ते दाखवणारी. कधीतरी जेवताना धाकटा म्हणाला होता, ती नळी फुटली की सगळे जीव घेऊन पळतात. एवढंच ओळंब्याला आठवलं, आणि एवढं पुरे होतं. समजावून कोणी बाहेर जाणार नव्हतं. भट्टी ढवळायची सळई जवळच पडली होती. ती दोन्ही हातांनी उचलून त्याने नळीवर घातली.

काच फुटली आणि वाफ सुटली. तो आवाज कान फाडणारा होता. पांढरं, उकळतं काहीतरी घरभर पसरलं, काही दिसेनासं झालं, आणि माणसं ओरडत दाराकडे धावली. मुकादम सगळ्यांच्या पुढे होता. वर मशीनवरची माणसं वाफ बघून जिन्यावरून एकमेकांच्या अंगावरून खाली आली. ओळंब्याचे हात कोपरापर्यंत भाजले होते, त्याला वाट दिसत नव्हती. कोणीतरी त्याची कॉलर धरली, फरफटत बाहेर आणलं आणि हौदाजवळच्या चिखलात टाकलं. तो धाकटा होता.

"काय केलंस हे?" धाकटा ओरडला.

"आले ना सगळे बाहेर," ओळंबा म्हणाला. तो रडत होता आणि त्याला आनंदही झाला होता. "तूही आलास. झालं तर मग."

धाकट्याने मागे पाहिलं. दारातून वाफ लोंढ्याने बाहेर पडत होती. "नळीचे कॉक उघडे आहेत, ते बंद करायला हवेत. पाणी सगळं निघून जाईल, आणि खाली विस्तव पेटलेला. बॉयलर फुटेल रे. खोल्या जवळ आहेत, ती घरात आहे."

"फुटू दे. तिला मी आणतो. तू जाऊ नकोस."

धाकट्याने जवळचं पोतं हौदात बुचकळलं, डोक्याला आणि हाताला गुंडाळलं. ओळंब्याने त्याचा पाय धरला, दोन्ही भाजलेल्या हातांनी, आणि सोडला नाही. धाकट्याने दुसऱ्या पायाने त्याच्या तोंडावर लाथ मारली, जोरात, एकदाच. पकड सुटली. तो वाकून आत शिरला.

सगळी माणसं पावसात उभी राहून ऐकत होती. वाफेचा आवाज थोडा कमी झाला. आणखी कमी झाला. मग तो थांबला, आणि कोळसा मारणाऱ्यांपैकी एक जण मोठ्याने म्हणाला, "केलं, बंद केलं त्याने." ओळंबा उठून बसला. दाराकडे बघत त्याने भावाला हाक मारली.

तेव्हा वारा वळला. धुराडं मधोमध दुभंगलं. वरचा भाग आधी सावकाश वाकला, इतका सावकाश की एखाद्याला वाटावं तो परत मागे जाईल, आणि मग सगळ्या विटा एकदम सुटल्या. बॉयलरचं घर दिसेनासं झालं. जमिनीचा हादरा पोटात बसला. काळी धूळ उठली आणि पावसाने ती लगेच खाली बसवली, आणि समोर नुसता विटांचा ढीग राहिला.

ढिगाखाली विस्तव होता, म्हणून विटा गरम होत्या. तरी माणसं हातांनी उपसत राहिली. धाकट्याची बायको खोलीतून धावत आली आणि कोणाला काही न विचारता त्यांच्यात मिसळून विटा फेकायला लागली. ओळंब्याच्या हातांची कातडी विटांना चिकटून येत होती, पण त्याला ते कळत नव्हतं. धाकटा दारापासून हातभर आत सापडला. काम करून तो परत येत होता. पोतं अजून ओलं होतं. छातीवर तुळई होती.

त्याला बाहेर काढून ठेवल्यावर मुकादमाने ओळंब्याचे पाय धरले. म्हणाला, तुम्ही नळी फोडली नसती तर एकही जण उरला नसता, आमच्या पोराबाळांना तुम्ही जिवंत ठेवलंत. मागून आणखी दोघं वाकले. ज्याचा हात मोडला होता तो पहारेकरीसुद्धा काहीतरी पुटपुटला. ओळंबा त्यांच्याकडे बघत होता, पण त्याला त्यातलं काही ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

धाकट्याची बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने पदराने त्याच्या चेहऱ्यावरची राख पुसली. मग मान वर केली.

"नळी तुम्ही फोडलीत, भाऊजी?"

"हो."

"का?"

"सगळ्यांना बाहेर काढायला. त्याला बाहेर काढायला," ओळंबा म्हणाला. "तोच एकदा म्हणाला होता, जेवताना. ती फुटली की सगळे पळतात म्हणून."

"सगळे पळतात आणि मला एकट्याला आत जावं लागतं," ती म्हणाली. "असं म्हणाले होते ते. एकदा नाही, कितीतरी वेळा. मी वाढत होते, तुम्ही समोर बसला होता." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पुढचं ऐकलं नव्हतं का तुम्ही?"

"नाही," ओळंबा म्हणाला. "पुढचं मी कधीच ऐकलं नाही."